म्हशीचं कॉमिक

डॉ. अक्षया गोगटे पालीजवळच्या गुरांच्या दवाखान्यात अकरा वर्षं डॉक्टर आहे. निम्मा दिवस तिचा हात कुणाच्या तरी गाईच्या पोटात असतो. उरलेल्या वेळात ती भयकॉमिक वाचते, आणि त्यातही तिला बोलणारी जनावरंच लागतात. शाप देणारा बोकड, यजमानाला नावानिशी हाक मारणारा बळीचा कोंबडा, असलं काहीतरी.

आई म्हणते, "बेचाळिशी उलटली. जरा पोथी वाच."

"पोथीत कुणी खाटकाचा कान चावत नाही," अक्षया म्हणते.

गेल्या फेब्रुवारीत सखू आग्रेची म्हैस पान्हा सोडेना, म्हणून तिला बोलावणं आलं. ताप नव्हता, कास मऊ होती. "रेडकू कुठाय?" तिने विचारलं.

"चरायला गेलाय," सखूचा नवरा विठू म्हणाला.

अक्षया हात धुवायला गेली. तिची पिशवी उघडीच होती. सखूने आतलं कॉमिक काढून उघडलं, आणि तिचं तोंड पांढरंफटक पडलं. चित्रात लाल डोळ्यांची म्हैस मालकिणीच्या खाटेशी उभी राहून विचारत होती, "माझं लेकरू कुठाय?"

"डॉक्टरीणबाय, हिला कसा कळला?"

"अगो, कागदावरची म्हस ती!" विठू ओरडला.

"आणि आपली काय कागदावरची हाय?" असं म्हणून सखूने सगळं सांगून टाकलं. रेडकू दूध फार पितं म्हणून विठूने चार दिवसांपूर्वीच ते लांज्याला मेव्हण्याकडे धाडलं होतं.

"मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुमी वरडला असता."

"आता काय गाणं म्हणतेय?"

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून रेडकू परत आलं. म्हशीने त्याला हुंगलं, चाटलं आणि पान्हा सोडला. बोलली मात्र काही नाही. अक्षयाला मनातून जरा वाईटच वाटलं.

कॉमिक सखूकडेच राहिलं होतं. आठवड्याने ती दवाखान्यात आली, सोबत एकही जनावर नाही.

"म्हशीन मालकिणीला खाल्लान ता बराच केलान," ती कॉमिक टेबलावर ठेवत म्हणाली. "पण चित्र काढणाऱ्याला अक्कल नाय. म्हशीच्या कासेला सड चार, ह्यान पाच काढलेत."

अक्षयाने पानं उलटून सड मोजले. पाचच होते. कॉमिक तिने सात वेळा वाचलं होतं.

"दुसरा असला तर द्या," सखू म्हणाली, "तपासून देते."