ब्रेक उशिरा धरतो

आधी आमच्या वरसे गावातल्या घराच्या फाटकाचा खांब झाला. मग रोह्याच्या बाजारात उभी असलेली एक रिक्षा. मग भिंतीला टेकवून ठेवलेली कुणाची तरी सायकल, नशिबाने तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. बाबांची व्हॅन वर्षभरात अशी कशाकशाला जाऊन लागली. दर वेळी बाबा खाली उतरत, वाकून पुढच्या चाकाकडे बघत आणि म्हणत, "ब्रेक उशिरा धरतो." आई मान हलवायची. मी पेणहून फोनवर ऐकायचे आणि म्हणायचे, जुनी गाडी आहे, चालायचंच.

बाबा रोह्याच्या कंपनीत जन्मभर शिफ्ट करत राबले. तिथून सुटल्यावर त्यांनी ही व्हॅन घेतली, तीही कुणीतरी वापरलेलीच. भात आणि वाल बाजारात न्यायला म्हणून घेतली, पण पोत्यांपेक्षा माणसंच तिच्यात जास्त बसली. जवळच्या वाडीवर कुणाला साप चावला, कुणाचं पोट दुखायला लागलं की माणूस धावत आमच्या दारात. बाबा भरल्या ताटावरून उठायचे. "तुमची काय सरकारी गाडी हाय?" असं म्हणत आई चिडायची आणि तोंड चालू असतानाच पाण्याची बाटली पुढच्या सीटवर नेऊन ठेवायची. कंपनीत बाबांना कुणी विचारत नव्हतं. वाडीवर मात्र शेंबडं पोरही त्यांना 'गाडीवाले दादा' म्हणायचं, आणि ते ऐकताना बाबांची मान जरा ताठ व्हायची. ती गाडी दारात उभी राहिली तर हा माणूस ओटीवर बसून वाळून जाईल, अशी मला भीती वाटायची. खरं सांगायचं तर आईच्या दुखण्यांपेक्षाही जास्त भीती मला त्याची वाटायची. म्हणून ब्रेकचं काम मी मनावर घेतलं.

गणपती गेले, पेणजवळच्या हमरापूरचा आमचा मूर्तींचा कारखाना थंडावला आणि मी चार दिवस माहेरी आले. गॅरेजवाल्याने पुढचं चाक खोलून दाखवलं. चाकाच्या आत एक लोखंडी थाळी फिरते, तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे ते पॅड. ते खरोखरच झिजले होते. मला इतका आनंद झाला की गॅरेजवाला माझ्या तोंडाकडे बघत राहिला. पॅड झिजले म्हणून हसणारी बाई त्याने पाहिली नसावी.

"बघ, मी सांगत होतो का नाय?" बाबा मागून म्हणाले.

"व्हय, झिजलेत," गॅरेजवाला म्हणाला. "पन अजून थोडे दिवस काढले असते." त्याचं ते दुसरं वाक्य आम्हा दोघांनाही ऐकू आलं नाही.

एवढ्या जुन्या गाडीचे पॅड रोह्यात मिळेनात. गॅरेजवाल्याने जुन्यातला एक काढून फडक्यात गुंडाळून दिला. ह्याच गाडीत दोन तऱ्हेचे पॅड येतात, तेव्हा नमुना जुळवूनच घ्या, असं बजावलं. पेणच्या दुकानात मी तो काउंटरवर ठेवला आणि दुकानदाराने दिलेला नवा त्याच्यावर ठेवून पाहिला. नव्याचा कडेला निघालेला कान जरासा मोठा होता.

"घासून बसवतील की ताई."

"तुमच्या गाडीला बसवा घासून," मी म्हटलं आणि फडकं उचललं. मी वांगंसुद्धा उलटंपालटं केल्याशिवाय पिशवीत टाकत नाही. इथे तर माझ्या बापाचा प्रश्न होता.

वडखळला, जिथे अलिबागचा रस्ता फुटतो तिथे, एका दुकानात शेवटी बरोबर मापाचे मिळाले, तेही दोन प्रकारचे. दुकानदाराने दोन खोकी समोर ठेवली. एकातला पॅड कडक. खूप दिवस टिकेल, पण गार असताना पाय दाबून द्यावा लागेल. दुसरा मऊ. तो लवकर झिजेल, चाक काळं करेल, पण पाय टेकला की धरेल.

"कोन चालवतं गाडी?" त्याने विचारलं.

"माझे वडील."

"वय काय?"

मी वय सांगितलं. त्याने कडक पॅडचं खोकं परत फळीवर ठेवलं. मला त्याचा रागच आला. निवड करायला मी आले होते. पण मऊच हवे होते हेही खरं, म्हणून पैसे मोजले. बाबांचा उजवा पाय हल्ली थोडा हलका पडतो, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. पॅड लवकर झिजले तर पुन्हा येईन, असं मी मनात म्हटलं. दर वर्षी येईन. माझ्या हातात तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मी स्टूल घेऊन समोर बसले. थाळी पुसून घेतली, पिना साफ करून ग्रीस लावलं. मागच्या चाकांचे ब्रेक लायनर बघा, म्हटलं. ते बदलले. ब्रेक ऑइलही बदला, म्हटलं. तेही बदललं. माझ्या डोक्यात एकच होतं, कुठे काही शंका राहायला नको. बाबा बाजूला उभे राहून कौतुकाने बघत होते. शेवटी गॅरेजवाला म्हणाला, आधी हळूहळू चालवा, दहा-पंधरा वेळा हलका ब्रेक मारा, पॅड बसायला थोडा वेळ लागतो.

तिथूनच आम्ही शेतांच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्याला लागलो. बाबा चालवत होते, मी शेजारी. उन्हं चढली होती, दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं भात होतं. बाबांनी ब्रेक मारला, गाडी जागच्या जागी थांबली. परत मारला, परत थांबली. "काय धरतंय गो!" ते म्हणाले. इतके खुशीत ते मला बऱ्याच दिवसांनी दिसले. मीही हसत होते.

पुढे रस्त्याच्या कडेने वाडीवरची एक बाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन चालली होती. मी तिला लांबूनच पाहिलं. तिने रस्ता ओलांडायला सुरुवात केली, तेही पाहिलं. आता बाबा ब्रेक लावतील, मी मनात म्हटलं. गाडी तेवढ्याच वेगाने चालली होती. मी बाबांकडे पाहिलं. ते सरळ समोर, तिच्याचकडे बघत होते. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेले त्यांचे डोळे स्वच्छ होते. पाय मात्र हलला नव्हता.

"बाबा!" मी किंचाळले.

त्यांनी पाय दाबला. गाडी तिथेच थांबली, बाईपासून हातभर अंतरावर. भारा डुगडुगला. तिने वळून पाहिलं, बाबांना ओळखलं आणि घाबरलेल्या तोंडाने हसली. "काय नाय झाला, दादा. काय नाय झाला," असं दोनदा म्हणून ती पलीकडे गेली.

इंजिन चालूच होतं. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"पॅड बसायला वेळ लागतो म्हणाला ना तो," मी म्हटलं.

बाबांचे हात स्टिअरिंगवर होते, आणि मला ते एकदम परक्या म्हाताऱ्याचे हात वाटले. मला रडू आलं. रागही आला, त्या वडखळच्या दुकानदाराचा, गॅरेजवाल्याचा, माझा स्वतःचा. घासून बसवायचा तो पेणचा पॅड घेतला असता तर निदान सांगायला काही राहिलं असतं. मी इतक्या चोखंदळपणे, एकेक वस्तू पारखून, बाबांकडचं शेवटचं कारण काढून घेतलं होतं.

थोड्या वेळाने ते उतरले, गाडीच्या पुढून फिरून माझ्या दाराशी आले. "सरक पलीकडं," एवढंच म्हणाले. घरी मी गाडी आणली. "झाले का गो ब्रेक?" असं आईने विचारलं. मी हो म्हटलं. बाबा हातपाय धुवायला मागच्या दारी निघून गेले.

मी पेणला परत निघायच्या दिवशी सकाळीच वाडीवरचा एक माणूस धावत आला. म्हाताऱ्या आईला दम लागला होता, तिला शेजारी उचलून मागून घेऊन येत होते. बाबा ओटीवर बसले होते. सवयीने उठले, चावी काढली आणि माझ्या हातात दिली.

तो माणूस गोंधळला. एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघत राहिला. मग त्यालाच अवघडल्यासारखं झालं आणि सांभाळून घेत म्हणाला, "ब्रेकचं काय तरी निगालंय ना, दादा? आमाला कललं व्हतं."

मी चटकन हो म्हणणार होते. माझं तोंड उघडलंही होतं.

"ब्रेक नवे हायत," बाबा म्हणाले. "गाडी एकदम चांगली हाय. मला समोरचं दिसतं, पन पाय उचलायचं सुचत नाय रे आता."

आई दारात पाण्याची बाटली घेऊन उभी होती. तिच्या हातून ती घेऊन बाबांनी मागचं दार सरकवलं, म्हातारीला आत घेतलं आणि तिचं डोकं मांडीवर धरून मागे बसले.