राणीने बोलावलेलं पाणी

धरण भरलं तेव्हा मी पाचवीत होते. गाव बुडालं, मागच्या टेकाडाचा माथा तेवढा पाण्यावर राहिला. त्या माथ्यावर आमची गावदेवी आहे. गाव उठवायच्या आधी भगताने कौल लावला होता, देवीने यायला नकार दिला. माणसं ट्रकमधून शेणवे गावाच्या पुढे नव्या वसाहतीत आली आणि देवी तिकडेच राहिली.

आमच्यात नवा तांदूळ गावदेवीला दाखवल्याशिवाय घरात शिजत नाही. म्हणून दरवर्षी भात झोडून झालं की आई नव्या तांदळाची पुरचुंडी, नारळ आणि शेंदूर घेऊन चुलत्याच्या होडीतून बेटावर जायची. परत आली की त्या दिवशी घरात नव्याचा भात. हे चाळीसेक वर्षं चाललं. होडी दोनदा बदलली, चुलते गेले, त्यांचा मुलगा वल्हवू लागला. आईचं जाणं चुकलं नाही.

वसाहतीतल्या पहिल्या वर्षी मला करायला काही नव्हतं. शाळा लांब, मैत्रिणी पांगलेल्या. भूगोलाच्या पुस्तकात प्रत्येक देशाचा धडा एकाच साच्यातला असतो: स्थान, हवामान, पिके, व्यापार, लोकजीवन. त्या साच्यात मी आमचं बेट बसवलं आणि शंभर पानी वही भरून काढली. बुडालेल्या खाचरांची नावं मी प्रांतांना दिली. माळखाचर, जांभळीची पट्टी, वरचं दाढवण. बेटावरून हिरडा आणि मोहाची फुलं बाहेर जात, मीठ आणि सुके बोंबील आत येत. चिंचोके हे चलन. बोहाड्याच्या उत्सवात पाण्यातले मासे सोंगं घेऊन वर येत. देवीचा दगड म्हणजे बेटाच्या राणीचं सिंहासन. आणि इतिहासाच्या पानावर मी लिहिलं की शत्रूपासून राज्य वाचवायला राणीने स्वतःच नदीला बोलावलं, आणि सगळी प्रजा हसत टेकाडावर चढली.

संध्याकाळी आई नाचणीच्या भाकऱ्या थापायची आणि मी वाचून दाखवायचे. वडील दाराशी बसलेले असायचे. त्या वर्षी ते फारसं बोलतच नव्हते. पाण्याचं पान वाचलं तेव्हा आईने विचारलं, "राणीला रडू नाय आलं?" मी म्हटलं, नाही, तिनेच बोलावलं होतं ना. आई हसली. ते पान तिने माझ्याकडून पुष्कळदा वाचून घेतलं.

पुढे मी आश्रमशाळेच्या भांडारात लागले. कडधान्य, साबण, पांघरुणं, सगळ्याची यादी माझ्या हातची. अर्धवट कागद मी कधी कुणाला दिलेला नाही. त्या सवयीनेच पुढचं झालं.

तीन वर्षांपूर्वी काठावर रिसॉर्ट आलं. बेटावर तंबू लागले, धक्का बांधला, आणि इतर होड्यांना तिथे लागायला मनाई झाली. भात झोडून झालं होतं. आईची पुरचुंडी बांधलेली होती. मी मॅनेजरला भेटायला गेले. माणूस सभ्य होता, चहा दिला. म्हणाला, तुमची परंपरा आहे हे मान्य, पण वरच्या लोकांना दाखवायला काही लेखी हवं. तिथे पूर्वीपासून देवस्थान आहे असा एखादा जुना कागद.

कागद कुठून आणणार? गावाचे कागद देवीबद्दल काही सांगत नव्हते. तेव्हा वही आठवली. तिच्यात देवीची जागा होती, दगडाचं माप होतं, टेकाडावर चढणारी वाट होती, खाचरांची नावं होती. एवढी दोन पानं दिली असती तर पुरलं असतं. पण मी पूर्ण वही स्वच्छ अक्षरात उतरवून काढली, पानांना आकडे घातले, पुढे अनुक्रमणिका जोडली आणि वर लिहिलं, बेटाचा इतिहास, व्यापार व संस्कृती. यातलं काय खरं आणि काय लहानपणीचं, ते मॅनेजरला तोंडी सांगितलं. कागदावर लिहिलं नाही. त्याने अनुक्रमणिका पाहिली आणि इतकं व्यवस्थित काम आपण बघितलं नव्हतं म्हणाला. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

त्या वर्षी परवानगी आली नाही. आईने नवा तांदूळ डब्यात ठेवला आणि आम्ही रेशनचा खाल्ला. पुढच्या हंगामात फोन आला की आईला घेऊन या, बोटीत दोन जागा ठेवल्या आहेत.

आईने नवं लुगडं नेसलं. बोटीत तिला नारिंगी जॅकेट घातलं, ते तिच्या गळ्यापर्यंत आलं. आमच्याबरोबर दहाबारा पर्यटक होते आणि एक गाइड, मुरबाडकडचा, चाळिशीतला, आधी जीप चालवायचा. धक्क्यावर मोठा फलक होता. माळखाचर, जांभळीची पट्टी, वरचं दाढवण, सगळे प्रांत नकाशात रंगवलेले. मी पहिल्याच ओळीला ओळखलं. आईला वाचता येत नाही.

गाइड पाठ केल्यासारखा बोलत होता. इथल्या लोकांचं चलन चिंचोके. इथले लोक माशांची सोंगं घ्यायचे. मग तो पाण्याकडे हात करून म्हणाला, इथे कुणाला उठवलं वगैरे नाही, इथल्या राणीने स्वतःच पाणी बोलावलं आणि लोक हसत हसत वर आले.

आई थांबली. "कोनी बोलावलं रं पानी?"

"राणीनं, आजी."

"आमी हुतो तिथं. ट्रकात बसून गेलो."

"इतिहासात लिवलंय आजी, मी काय मनाचं सांगत नाय," तो हसत म्हणाला आणि पुढे चालू लागला. एका बाईने आईला विचारलं की तुम्ही राणीच्या वंशातल्या का.

माथ्यावर दगडाभोवती दोरी लावली होती. शेंदूर धुतलेला होता. सिंहासनावर बसून फोटो काढायला रांग होती. एक जोडपं दगडावर बसलेलं होतं, त्याने पायातले बूटसुद्धा काढले नव्हते. मी गाइडला म्हटलं की ही देवी आहे, त्यांना उठवा. त्याने उठवलं. रांगेतली माणसं आमच्याकडे बघत उभी राहिली, लवकर आटपा अशा नजरेने.

आईने पुरचुंडी सोडलीच नाही. दोरीबाहेरूनच वाकून दगडाला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि उतरायला लागली. वाटेत मला म्हणाली, "त्या वहीतलं हाय ना ह्ये?"

मी हो म्हटलं.

"तवा मला ऐकायला बरं वाटायचं गो," ती म्हणाली. परतीच्या बोटीत पुरचुंडी तशीच तिच्या मांडीवर होती.

मी मॅनेजरला पत्र लिहिलं. सात दुरुस्त्या, क्रमाने. पहिली पाण्याची. त्याचा फोन आला. म्हणाला, पर्यटकांना राणी आवडते, तिला काढता येणार नाही. मी म्हटलं, ते खोटं आहे. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना?" फोन ठेवता ठेवता त्याने बेटावरच्या जुन्या पदार्थांची यादी मिळेल का, असंही विचारलं.

त्यानंतर दोन भातं झाली. रिसॉर्ट दरवर्षी बोटीत जागा ठेवतं आणि आई नको म्हणते. तिच्या खोलीत चार डबे आहेत, एकेका वर्षाचा नवा तांदूळ. पहिल्याला किडे लागले आहेत. तो टाकूया का, असं मी विचारलं. देवीचं हाय, म्हणाली, टाकायचं कसं. काल मी दुकानातून जुना तांदूळ आणला. पाच किलो, आमच्या दोघींना महिनाभर पुरतो.