पिकअपमधलं लांबचं सीट

माझ्या जुन्या पिकअपचं निम्मं अंग लेथवर नव्यानं घडवलंय, उरलेलं भंगारातल्या सत्तर गाड्यांचं! ड्रायव्हरचं सीट मात्र एका उलटलेल्या ट्रकचं. माझे पाय आखूड, म्हणून रफिकमिस्त्रीनं ते पुढं ओढून वेल्डिंगनं पक्कं केलं. तरी रोज सकाळी ब्रेक माझ्या पायापासून वीतभर लांब.

"शेठ, त्या ट्रकचा ड्रायव्हर उंच होता. त्यातच गेला," मिस्त्री हळूच म्हणाला.

माणूस जातो, त्याचं बसणं फोममध्ये राहतं की काय?

बायकोला शेजारी बसवून फिरवायचं, एवढ्यासाठी दोन वर्षं राबलो. सीटबद्दल तिला अक्षरही सांगितलं नव्हतं. आज तिनं दार उघडलं, आत पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला.

"मी मागं हौद्यात बसते. पुढं तुम्ही दोघं बसा."