बोटभर भोकांचं जाळं

त्या दिवशी माझा फोन बंद होता. पुणे जिल्ह्यातल्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात फोन चालू ठेवू देत नाहीत. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की फोनच्या लहरींत ते बुडून जातात. एम.एस्सी.च्या वर्गाबरोबर मी दिवसभर आत होते. संध्याकाळी फाटकाबाहेर येऊन फोन सुरू केला, तर बाबांचे सात कॉल दिसले. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, सकाळी तलावाच्या बांधावर जाळं विणता विणता बसल्या जागीच गेले होते. गडचिरोलीकडच्या मार्कंड्याजवळच्या आमच्या गावी मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचले. तोवर सगळं आटोपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला. मला असं लिहायची सवय नाही. पण मोठेबाबांना मी त्या दुर्बिणीपाशीच नीट ओळखलं, म्हणून लिहावंसं वाटतं...

आम्ही ढिवर. गावच्या तलावात मासेमारी, जोडीला थोडी धानाची शेती. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दोन हिवाळ्यांपूर्वी, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना, आमच्या गडचिरोलीच्या कॉलेजची सहल त्या दुर्बिणीला निघाली. मला पुढे पुण्यालाच शिकायचं होतं आणि घरी ते कुणालाच पटत नव्हतं. बाबा म्हणाले, "दादा येईन तुह्यासंगं. सारं पाहून येईन. मंग तो म्हणन तसं." सरांनी एक रिकामी जागा दिली आणि मोठेबाबा आमच्याबरोबर निघाले. अंगात स्वेटर, डोक्याला दुपट्टा, हातात पिशवी. पिशवीत दोऱ्याचं रीळ आणि जाळं विणायची बांबूची सुई. ती त्यांच्याबरोबर लग्नात, दवाखान्यात, सगळीकडे जायची. मला तिची लाज वाटत होती, हे आता लिहून टाकते.

फाटकावर सगळ्यांनी फोन जमा केले. पहारेकऱ्याने मोठेबाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "माह्यापाशी नाई बा. घरी कोंबडा आहे, पण तो इथवर ऐकू येत नाई." पहारेकरी हसला. आत बाग होती. गुलाब, शेवंती, झेंडू, आणि एका कडेला रोपांचे वाफे. हिवाळ्याचं ऊन पडलं होतं. पाखरांनी रोपं खाऊ नयेत म्हणून वाफ्यांवर हिरवी नायलॉनची जाळी ताणली होती आणि ती मधेच फाटली होती. आम्ही माहिती ऐकायला सभागृहात गेलो. बाहेर आलो तेव्हा मोठेबाबा वाफ्याशी उकिडवे बसून ती जाळी विणत होते. माळीकाका संकोचून म्हणत होते, "बाबा, तुम्ही पाव्हणे, तुम्ही कशाला करताय?"

"पाहुणा त आहो. पण भोक पाहवत नाई."

माझी मैत्रीण हळूच म्हणाली, "तुझे मोठेबाबा इथी बी कामाले लागले." मी पुढे चालू लागले.

मग आम्ही दुर्बिणीच्या एका तबकडीखाली गेलो. एवढी मोठी तबकडी, पण भरीव पत्र्याची नव्हे, तारांच्या जाळीची. त्यातून वरचं निळं आकाश दिसत होतं. एक तरुण शास्त्रज्ञ ताई माहिती सांगत होत्या. जाळी का, पत्रा का नाही, हा प्रश्न मी वहीत आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. पण इतर कॉलेजांची मुलं इंग्रजीत विचारत होती. मी वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली... आणि मागून मोठेबाबांचा आवाज आला, "बाई, याले बोटबोटभर भोकं आहेत. बारीक निघून जात असन ना?"

ताई त्यांच्याकडे वळल्या. म्हणाल्या, "हो, बाबा. बारीक लहरी निघूनच जातात. आम्हाला हव्या असतात त्या वीतभर लांब, काही तर माणसाएवढ्या. त्या या भोकांतून जात नाहीत. आणि जाळी असली की वारा लागत नाही, वजनही कमी."

"मंग आमच्यावानीच झालं. आमी बी भोक मोठं ठेवतो. पिल्लं जाऊ द्याची, मोठी मासोळी घ्याची."

पुढच्या गटाला ताईंनी तेच उदाहरण दिलेलं मी ऐकलं.

परतताना बसमध्ये मी त्यांना वही दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लिवून आणलं होतं, त काऊन नाई विचारलं?"

"भेव वाटला."

"तोंड का फोनासंगं जमा केलं होतं?"

मग त्यांनी पिशवीतून रीळ आणि सुई काढली. दिवसभर मी गप्प राहिले आणि त्यांनी ते पाहिलं, म्हणजे पुणं गेलं, असं मी धरून चालले.

घरी बाबांनी विचारलं, "कसं आहे, दादा?"

मोठेबाबा पाय धूत होते. म्हणाले, "जागा चांगली आहे. पण पोरगी तिथी तोंड उघडत नाई."

आई माझ्याकडे बघत राहिली. बाबा म्हणाले, "मंग नाईच पाठवाची."

"मंग पाठवाची," मोठेबाबा म्हणाले. "तिथी एक पोरगी आहे, तिच्याएवढीच दिसते. एवढ्या लोकाईत उभी राहून सांगते, अन् सारे ऐकून राह्यले. आपली इथी राहिली त कधीच उघडणार नाई."

त्यावर घरात पुन्हा चर्चा झाली नाही.

यंदा वर्गाबरोबर गेले, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी वाफ्यांकडे जाऊन आले. हिरवी जाळी उन्हाने विटली आहे, दोन-तीन ठिकाणी नव्याने फाटली आहे. मोठेबाबांनी विणलेला तळहाताएवढा पांढरा तुकडा मात्र तसाच आहे. मी गाठी ओढून पाहिल्या. एकही सरकली नाही. मग दुपारी तबकडीखाली मी हात वर केला आणि प्रश्न विचारला. मराठीतच विचारला.

संध्याकाळी फाटकाबाहेर येऊन फोन सुरू केला, तो बाबांना लावून "मोठेबाबांना द्या" म्हणायला. गाठी टिकल्या आहेत आणि आज मी विचारलं, एवढंच सांगायचं होतं.