टेकलेला जोड

देवीदासभाऊंनी चिकटवलेलं सुटत नाही, असं अकोल्याच्या आमच्या कारखान्यात बावीस वर्षं म्हटलं जायचं. म्हणणाऱ्यांत मीही होतो, स्टोअरकीपर वसंत. आम्ही नाल्यांवरचे पायपूल बनवतो. लोखंडाचे नव्हे, हलक्या फायबरचे. तुळयांना ना खिळा ना बोल्ट, नुसता एपॉक्सी गोंदाचा जोड. म्हणजे सगळा भार भाऊंच्या हातावर.

माणूस भारी खडूस. जोडायची बाजू घासून, थिनरने पुसून झाली की तिला कोणाचं बोट लागता कामा नये. एकदा मालकांचं लागलं, तर भाऊंनी त्यांनाच सुनावलं, "साहेब, बोटाले तेल असते. जोड धरत नाई." आणि सगळं पुन्हा पुसायला घेतलं. जोड वाळला की रुपयाचं नाणं ठोकत पुढे सरकायचे. आवाज भद्द आला तर आत पोकळ. भाऊंच्या जोडात तो कधी आला नाही.

यंदा अमरावतीच्या एका कॉलेजातून प्राजक्ता मॅडम जोड तपासायचं नवं यंत्र घेऊन आल्या. त्यांनी नव्या तुळईवर केसाएवढी काचेची तार चिकटवली. एका टोकाला बटणाएवढी चकती आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडते, तो जोडातून जातो आणि दुसऱ्या टोकाला ती तार तो ऐकते. जोड कच्चा असेल तर आवाज बदलून पोचतो. तुळईवर वाळूची पोती रचली आणि संगणकावरची रेघ बिघडली.

"मधोमध जोड नुसता टेकलाय, धरलेला नाही," मॅडम म्हणाल्या.

भाऊंनी तिथेच नाणं ठोकलं. खणखणीत. "मशीन कच्ची हाय तुमची."

"भाऊ, टेकलेल्या जोडाला नाणं फसतं. वजन पडलं की तो उघडतो."

शेवटी तुळई कापली. जोड हाताने सोलून निघाला. आत तळहाताएवढं शेंदरी स्वस्तिक होतं.

मला ते ठाऊक होतं. दर कामाला भाऊ सगळ्यांच्या आधी येऊन गावच्या मारुतीचा तेलात कालवलेला शेंदूर त्या पुसलेल्या जागी लावत. मी स्टोअरच्या किल्ल्या घेऊन यायचो, पाहायचो आणि त्यांच्या शेंदराच्या बोटाला माझं कपाळ पुढे करायचो. त्यातही तेल आहे, हे दोघांच्याही डोक्यात कधी आलं नाही. देवाचं ते, त्याला मळ कोण म्हणणार?

"ह्या एकाच तुळईला लावलंत?" मॅडमनी विचारलं.

भाऊंनी त्या स्वस्तिकावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "नाई. सगळ्याईले."

मालक म्हणाले, चूप बसा, पाहू. भाऊंनी ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही कारखान्याची गाडी घेऊन दर्यापूरकडच्या एका गावी पोचलो. आमचा सगळ्यात नवा पूल तिथे, आणि शाळा नाल्यापलीकडे. भाऊंनी पुलाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकल्या. पोरं थांबली, गाव जमलं.

"काहून अडवलं जी?" सरपंच नत्थुजींनी विचारलं.

भाऊंनी हात जोडले. "माह्या हातानं चूक झाली. जोडात मारुतीचा शेंदूर हाय, त्याच्या तेलानं जोड धरला नाई. आज ना उद्या पूल पडन."

लोक हसलेच. नत्थुजींची आई पार्वताबाई पुढे आली. "मारुतीनं धरलेला पूल पडते का कुठी, बाप्पा?" तिने काठीने काट्या सारल्या आणि पोरांना घेऊन निघाली. मागून वीसेक माणसं गेली. भाऊ "या ना मांगं!" म्हणून ओरडत राहिले. पूल करकरलाही नाही. पलीकडे मारुतीचा जयजयकार झाला.

पूल रिकामा झाला. भाऊ माझ्याकडे वळले.

"वसंतभाऊ, आता आपलं कोनी आयकत नाई. गाडीतली आरी आना."

"लोक मारतील, भाऊ."

"मारू द्या. पूल मोकळा हाय तोवर आना."

मी आरी आणली.