आधी ह्यांना सांग

फोनवर ‘मॅडम रहाटणी’ असं नाव दिसलं आणि मी हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झाले. बाबांचा डबा द्यायला भोसरीला आले होते, वर्कशॉपच्या बाहेर उभी होते. मॅडम, एक सरळ तार आहे, तिच्यात मणी ओवलाय, तार आडवी गरगर फिरतेय, मणी बाहेर सरकत चाललाय, मी ऊर्जा कायम धरतेय आणि उत्तर काही केल्या जुळत नाहीये... मी बोलत गेले, पलीकडून कुणी अडवलं नाही. दमून थांबले तेव्हा आप्पांचा आवाज आला. "पोरी, तुजी मॅडम गेली गं. पहाटं, झोपेतच." बायको गेली त्या सकाळी या माणसानं माझं गणित आधी ऐकून घेतलं होतं. लाज वाटायलाही वेळ लागला मला.

मॅडम जाऊन आता दोन महिने होतील. त्या लातूरकडच्या, कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. आप्पा, म्हणजे त्यांचे यजमान, अस्सल रहाटणीचे. गावात शेती होती तेव्हा शेती केली, मग कंपनीची बस चालवली. माझं बीएस्सीचं घोडं यांत्रिकीच्या एका पेपरात अडलेलं, तेही दोनदा. तिसऱ्यांदा अडलं तर चाकणला कारखान्यात लाइनवर लागायचं, असं घरात ठरलं होतं. बाबा रागावले नव्हते, थकले होते, आणि थकलेल्या माणसाशी भांडता येत नाही. काळेवाडीतल्या एका मैत्रिणीनं पत्ता दिला. रहाटणीला जा, म्हणाली, तिथं एक मॅडम आहेत, गणितं सोडवून देतात.

देतात कसल्या! पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडून पुढं केलं तर त्यांनी बघितलंसुद्धा नाही. समोर आप्पा परातीत मेथी निवडत बसले होते. त्यांच्याकडे बोट दाखवून मॅडम म्हणाल्या, "आधी ह्यांना सांग." मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्या घराचा रिवाजच तो होता. कुठलंही गणित आधी आप्पांना सांगायचं, साध्या बोलीत. सांगताना आप्पांची मेथी चालू राहिली तर समजायचं की त्यांना कळतंय. हात थांबला की काहीतरी अडलं. मग परत पहिल्यापासून.

मी सुरू केलं. एक फ्रिक्शनलेस सरफेस आहे... हात थांबला. घर्षणरहित पृष्ठभाग, म्हटलं. हात थांबलेलाच. शेवटी वैतागून मी म्हटलं, आप्पा, तेल सांडलेली फरशी समजा, त्या फरशीवर एक पाचर ठेवलीय आणि पाचरीवरून ठोकळा खाली घसरतोय. मेथी परत सुरू झाली. आणि माझंच तोंड उघडं राहिलं. तेलकट फरशीवरची पाचर जागेवर कशी राहील? ठोकळा पुढं घसरला की ती मागं सटकणार. मी आठवडाभर पाचरीला फरशीत पुरून ठेवलं होतं आणि उत्तर का येत नाही म्हणून पुस्तकाला शिव्या देत होते. मॅडम चहा ठेवायला उठल्या.

तिथं इंजिनिअरिंगची पोरंही यायची. फोननं प्रश्नाचा फोटो काढला की उत्तर पायऱ्यांसकट हजर, मग मॅडम कशाला, असं एकानं तोंडावर विचारलं होतं. मॅडम चिडल्या नाहीत. मिळालं ना उत्तर, चांगलं झालं, आता ते ह्यांना सांग, म्हणाल्या. पोरगं बराच वेळ आप्पांपुढं बसून होतं आणि मेथी काही हलत नव्हती. आप्पांनाच त्याची दया आली. एकदा मीही कुरकुरले, की मॅडम, मी तुमच्याकडे शिकायला येते, आप्पांना शिकवायला नाही. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, मला सांगितलंस तर मी चुकलेलंही समजून घेते. ती सवय वाईट. ह्यांना ती नाही."

दहावा झाल्यावर मी भेटायला गेले, ती आता सगळं संपलं असं मनाशी धरूनच. परीक्षा तोंडावर होती, पुस्तक घरीच ठेवलं होतं. दुखवट्याच्या घरात कोण गणित काढणार? आप्पा नेहमीच्या जागी होते, समोर परात होती, मॅडमची खुर्ची भिंतीला होती तशीच. आम्ही दोघंही थोडं रडलो. मग ते डोळे पुसून म्हणाले, "त्या दिशी फोनवर तुजं अर्धंच राह्यलं. मणी बाहेर सरकतोय, मंग?"

मी परातीजवळ सरकले. मग सांगितलं. तार, मणी, एकसारख्या वेगानं फिरणं. आप्पांचा हात थांबला. परत सांगितलं, परत थांबला. "तार फिरतीय म्हनतीस. आपोआप फिरती व्हय?" नाही आप्पा, मी म्हटलं, कुणीतरी फिरवतंय, मोटार असेल... आणि वाक्य तिथंच राहिलं. मोटार असेल तर ती ऊर्जा ओतत असणार. मग मण्याची ऊर्जा कायम राहीलच कशी? मी खुर्चीकडे बघितलं. मॅडम असत्या तर आत्ता चहा ठेवायला उठल्या असत्या. आप्पांनी मेथीची पुढची काडी उचलली होती, आणि मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. मॅडम गेल्या होत्या, पण त्यांची रीत त्या घरातच होती.

पेपरात मणी आला नाही, पाचरही नाही. पण प्रत्येक प्रश्न मी मनातल्या मनात आप्पांना सांगितला, हात हलेपर्यंत सांगितला, मगच पेन उचललं.

निकाल लागला. सुटले. बाबांनी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना पेढे वाटले, आणि त्यांना इतकं मोकळं हसताना मी किती वर्षांनी बघत होते. उरलेला पुडा घेऊन मी रहाटणीला गेले. आप्पांनी एक पेढा मॅडमच्या फोटोपुढं ठेवला, एक तोंडात टाकला आणि परात पुढं ओढून वाट बघत बसले. मी म्हटलं, आप्पा, आज गणित नाही, संपला तो पेपर. ते परातीकडे बघत राहिले. हात थांबलेला.

"म्हंजे आता यायची न्हाईस?"

येणार ना, मी म्हटलं, एमएस्सीला नाव घालतेय, तिथली गणितं याच्यापेक्षा लांबलचक असतात.

"व्हय?" आप्पा म्हणाले. "मंग दोन जुड्या आनाया लागत्याल."