सुषमाला नको असलेला होमरन

चिखल्याची सुषमा धोदडे कॉलेजच्या बेसबॉल संघात होती. तिचे होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेले फटके, गावाला तोंडपाठ होते. त्यांच्या नादात ती कितीदा आउट झाली, हे कुणी मोजलं नव्हतं. तिला मात्र त्याचीच धास्ती वाटायची.

तलासरीच्या फायनलला शेवटच्या डावात बरोबरी होती. जिजा, तिची मैत्रीण, तिसऱ्या बेसवर उभी होती; तिथून होम बेस गाठला की एक रन. लोक होमरन मागत होते. सुषमाने चेंडूला नुसती बॅट टेकवली. चेंडू जवळच घरंगळला, तेवढ्यात जिजा धावत होम बेसवर आली. सामना जिंकला.

घरी बाबा म्हणाले, "लोक बोलतात, पोरगी घाबरली."

"घाबरलेच होते," सुषमा म्हणाली. "पण एकच रन पाहिजे होता ना."